ग्रंथांचा ठावठिकाणा

ग्रंथालयाचा इतिहास सांगावयाचा झाला, म्हणजे आपल्याकडे बहुधा कोनशिलेवरील साल, देणगीदारांची नामावली आणि दाखलांकांची एकूण संख्या एवढ्यावर भागविले जाते. ग्रंथ कोठे ठेवलेला होता, तो वाचावयास माणूस कोठून चालत येत असे, आणि वाचून उठल्यावर त्या माणसाचा आपल्या गावाकडे पाहण्याचा डोळा काही बदलत असे की नाही, हे प्रश्न त्या इतिहासात सहसा येत नाहीत. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांविषयी लिहिताना मात्र ते टाळता येत नाहीत. हे दोन्ही जिल्हे मुळात एकाच कृष्णाकाठचे. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली 'दक्षिण सातारा' या नावाने जो जिल्हा निघाला, त्यालाच पुढे १९६० साली सांगली हे नाव मिळाले. या मुलखात ग्रंथाचा आणि स्थळाचा संबंध दोन शतके इतका निकटचा राहिलेला आहे, की आज जगभरची ग्रंथालये हातातल्या फोनवरील स्थानदर्शक समाजमाध्यमांच्या साह्याने वाचकाला आपल्याकडे कसे वळवावे याचा विचार करीत असता, त्या विचाराची पूर्वपीठिका इथल्या दप्तरखान्यांत, राजवाड्यांत आणि नगरवाचनालयांत शोधणे मला अगत्याचे वाटते.

आरंभ साताऱ्याच्या गादीपासून करावा लागतो. १८१८ साली इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसविले, आणि राज्याची प्रत्यक्ष व्यवस्था १८२२ पर्यंत जेम्स ग्रँट डफ याच्या हाती ठेविली. या चार वर्षांत त्या गृहस्थाने कारभार पाहता पाहता जुनी दप्तरे, सनदा, बखरी आणि घराण्यांच्या कैफियती यांचा जो संग्रह केला, त्यातूनच १८२६ साली त्याचा मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध झाला. त्याच्या निष्कर्षांशी पुढील संशोधकांनी पुष्कळ वाद घातला आणि तो घालणे आवश्यकच होते. परंतु मराठ्यांच्या पहिल्या सविस्तर इंग्रजी इतिहासाची सामग्री साताऱ्याच्या मुक्कामात गोळा झाली, ही गोष्ट या शहराने विसरू नये. स्वतः प्रतापसिंह महाराज विद्येचे चाहते होते. त्यांनी पाठशाळा काढली, ग्रंथ जमविले, आणि १८२४ च्या सुमारास तो राजवाडा उभारला, जो पुढे शाळेच्या वर्गांनी गजबजून गेला. १८३९ साली पदच्युत होऊन त्यांना काशीस जावे लागले, तेथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला, आणि लगोलग राज्यही खालसा झाले. आज साताऱ्याचे नगरवाचनालय थोरल्या प्रतापसिंह महाराजांचे नाव धारण करते, यात मला नुसते औपचारिक स्मरण दिसत नाही. राज्य गेल्यावर विद्येचा जो वारसा नगराकडे आला, त्याची ती कबुली आहे. त्याच राजवाड्यातील सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. ज्याला वर्गात इतरांबरोबर बसण्याची जागा सुखाने मिळाली नाही, तो मुलगा पुढे देशातील अग्रगण्य ग्रंथसंग्राहकांपैकी एक झाला, आणि त्याच्या शाळाप्रवेशाची नोंद असलेली शाळेची वही हा या शहराचा मोलाचा दस्तऐवज ठरला.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आपल्या प्रांतात नगरवाचनालये निघू लागली. रत्नागिरीचे १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे, कोल्हापूरचे १८५० चे. सांगलीचे नगरवाचनालय १८६९ साली स्थापन झाले. या संस्थांचे स्वरूप आरंभी संकोचित होते, हे मान्य केले पाहिजे. वर्गणी भरू शकणारे वकील, कारकून, शिक्षक, संस्थानचे मानकरी यांच्यापुरतीच ती होती. स्त्रियांना आणि अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींना त्यांची दारे व्यवहारात बंदच होती. असे असूनही या वाचनालयांनी एक नवी वहिवाट पाडली. सायंकाळी कचेरी सुटल्यावर वृत्तपत्राच्या लाकडी दांडीभोवती माणसे जमत, बातमी मोठ्याने वाचली जाई, तीवर वाद होई, आणि अमुक गृहस्थ हल्ली आठ दिवसांत दिसले नाहीत, ही गोष्टही तेथेच प्रथम ध्यानात येई. आपण कोठे आहोत हे चार परिचितांना कळावे, आणि त्या कळण्यातून त्या जागेला प्रतिष्ठा यावी, ही जी मनुष्याची सहज प्रवृत्ती, तिच्यावरच पुढे समाजमाध्यमांनी आपला डोलारा उभारला. वाचनालयाला ती प्रवृत्ती दीडशे वर्षांपूर्वीच परिचित होती.

या मुलखाच्या ग्रंथेतिहासातील सर्वांत संपन्न प्रकरण मात्र वाचनालयांच्या इमारतीत घडलेले नाही. ते वाड्यांच्या माळ्यांवर आणि देवघरांच्या मागील अंधाऱ्या खोल्यांत घडले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी वाईत हाती आलेल्या पत्रांच्या आधारे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, आणि पानिपतच्या संहाराचा वृत्तांत प्रथमच त्या काळच्या माणसांच्या अक्षरांतून महाराष्ट्रासमोर आला. त्याच सुमारास मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे पटवर्धन सरदारांच्या दप्तरातील रुमाल सोडून बसले होते. त्यांच्या 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे प्रकाशन १८९७ पासून सुरू झाले आणि १९२४ साली त्यांचा देहान्त होईपर्यंत ते एकट्याच्या चिकाटीवर चालले. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी 'इतिहाससंग्रह' हे मासिक चालविले, आणि कागदपत्रे, चित्रे, नकाशे, दुर्मिळ ग्रंथ यांचा असा संचय केला की त्यासाठी साताऱ्यात स्वतंत्र संग्रहालय उभे राहिले.

या तिघांच्या उद्योगातील एक विशेष मला फार महत्त्वाचा वाटतो. कागद कोणत्या गावच्या, कोणत्या वाड्यात, कोणाच्या घरी सापडला, हे त्यांना कागदातील मजकुराइतकेच महत्त्वाचे होते; कारण जागा बदलली की कागदाची साक्षही दुबळी होते. पटवर्धनांच्या छावणीतून मिरजेस आलेले पत्र मिरजेच्या किल्ल्याचे अवशेष डोळ्यांपुढे असताना वाचणे, आणि तेच पत्र शेकडो कोसांवरील कपाटात वाचणे, यांत ज्ञानाचा नसला तरी प्रत्ययाचा भेद आहेच. पारसनीसांच्या मृत्यूनंतर त्यांचा संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तेथे त्याचे जतन झाले, अभ्यासकांची सोय झाली, आणि त्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. परंतु साताऱ्याच्या मुलांना आपल्या गावचे कागद पाहण्यासाठी पुण्याची वाट धरावी लागली, याची हळहळ मला अद्याप वाटते.

संस्थानी मुलखात ग्रंथ उलट दिशेने, म्हणजे राजवाड्यातून रयतेकडे, जावा असे प्रयत्न झाले. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था लाविली आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरविल्या, ही कीर्ती सर्वश्रुत आहे. आपल्याकडे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, अवघ्या बहात्तर गावांच्या आणि त्याही विखुरलेल्या संस्थानात, १९३९ साली प्रजेला स्वराज्याची घटना दिली, आणि त्याच्या आदल्या वर्षी औंधच्या टेकडीवर श्रीभवानी संग्रहालय व ग्रंथालय उभारले. त्याच औंध संस्थानच्या हद्दीत किर्लोस्करवाडी होती. तेथून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली, आणि कारखान्याचे वृत्तपत्रक म्हणून जन्मलेले ते मासिक पुढे 'किर्लोस्कर' या नावाने मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचले. नांगर जेथे ओतले जात, त्याच वसाहतीतून विचार छापून बाहेर पडत होते, ही घटना आजही मला विस्मयकारक वाटते.

स्वातंत्र्यानंतर १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, अनुदानाची तजवीज झाली, आणि महाराष्ट्रातील मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या वाढत वाढत अकरा-बारा हजारांच्या घरात गेली. संख्या वाढली, वाचक मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. याचे कारण दूरदर्शन किंवा फोन यांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु गावातील वाचनालय कोणत्या वेळी उघडे असते, हे त्याच गल्लीतील विद्यार्थ्याला ठाऊक नसते, या साध्या उणिवेचा दोष दूरदर्शनाकडे जात नाही. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे सांगितली, त्यांत वाचकाचा वेळ वाचवावा असे एक सूत्र आहे, आणि वाचकाचा पहिला वेळ ग्रंथालयाचे दार शोधण्यातच जातो.

इतके झाल्यावर स्थानदर्शक माध्यमांचा वृत्तांत थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेच्या उपग्रहांवरून मिळणारे स्थानाचे संकेत सामान्य नागरिकांसाठी हेतुतः सदोष ठेवलेले असत. मे २००० मध्ये तो दोष काढून टाकण्यात आला, आणि शंभर मीटरच्या अदमासाऐवजी दहा-वीस मीटरच्या अंतराने माणसाचे स्थान कळू लागले. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉन राज्यातील एका हौशी मनुष्याने रानात एक डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, व जिओकॅशिंग नावाचा खेळ जन्मास आला. २००१ साली बुकक्रॉसिंग निघाले: पुस्तकाला क्रमांक द्यावा, ते बाकावर किंवा स्थानकात सोडून द्यावे, आणि ज्याला ते मिळेल त्याने त्या क्रमांकावरून आपला गाव नोंदवावा. २००९ साली फोरस्क्वेअर आले, आणि जेथे जाल तेथे आपली हजेरी लावण्याची प्रथा फोनवर पडली. एखाद्या ठिकाणी जो सर्वांत अधिक वेळा हजर राही, त्याला त्या ठिकाणाचा महापौर म्हणून घोषित केले जाई. ग्रंथालयांना यात संधी दिसली. आपले नाव, वेळा आणि दालने त्या नकाशावर अचूक नोंदविणे, येणाऱ्या वाचकाने सोडलेल्या सूचना वाचणे, नियमित येणाऱ्याचा गौरव करणे, इतके तर अल्पखर्चात साधण्यासारखे होते. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने त्याच्याही पुढे पाऊल टाकले: मध्यवर्ती इमारतीच्या शताब्दीनिमित्त २० मे २०११ च्या रात्री पाचशे लोकांना आत घेऊन, फोनच्या साह्याने संग्रहातील शंभर वस्तू शोधण्याचा आणि त्यांवर लिहिण्याचा खेळ खेळविला, व त्या लेखनाचा एक ग्रंथ सिद्ध केला.

या हकीकतीचा उत्तरार्धही ध्यानात घेण्याजोगा आहे. फोरस्क्वेअरने हजेरीचा भाग २०१४ साली दुसऱ्या ॲपकडे दिला, आणि नगरदर्शक ॲप २०२४ च्या अखेरीस बंदच केले. ज्या संस्थांनी आपला सारा संसार त्यावर मांडला, त्यांच्या हाती काही उरले नाही. न्यूयॉर्कच्या त्या रात्रीचे मात्र पुस्तक उरले. माध्यम भाड्याचे असावे, नोंद मात्र स्वतःची असावी, हा धडा इतका ठसठशीत आहे की ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाने तो ठराव करून इतिवृत्तात लिहून ठेवावा.

आमच्याकडे याच विचाराचे एक रूप फोनच्या आधाराविना साकार झाले. पाचगणी-महाबळेश्वर मार्गावरील भिलार हे स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले गाव. राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' म्हणून जाहीर झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावाची प्रेरणा त्यामागे होती. परंतु तेथे जुन्या पुस्तकांच्या दुकानांची बाजारपेठ आहे, आणि भिलारला विक्री नसून वाचन आहे. आरंभी पंचवीस ठिकाणी, घरांच्या ओसऱ्यांवर, देवळात, शाळेत, निवासगृहात, पंधरा हजारांच्या आसपास ग्रंथ मांडले गेले. एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्या घरी चरित्रे, तिसऱ्या घरी संतसाहित्य, आणखी कोठे दिवाळी अंक. वाचकाला विषय हवा असेल तर पायांनी घर गाठावे लागते, आणि घर गाठले की घरधन्याशी बोलणे होते. ग्रंथालयाची वर्गीकरणपद्धती इथे गावाच्या गल्ल्यांवर उतरली आहे. महाराष्ट्राच्या ग्रंथालयांच्या इतिहासात कपाटाची भिंत इतक्या धैर्याने कोणी ओलांडली असेल असे मला वाटत नाही. पर्यटकांचा ओघ ओसरल्यावर पावसाळ्याच्या दमट महिन्यांत पुस्तकांची निगा कशी राखावी, हा तेथील खरा प्रश्न आहे, आणि त्याचे ओझे एकट्या घरधन्यांवर टाकणे न्याय्य होणार नाही.

भिलारने जे एका गावात केले, ते दोन जिल्ह्यांच्या विस्तारावर करण्यास फोनवरील नकाशा उपयोगी पडू शकतो. कारण या मुलखाचे साहित्य स्थळांना चिकटलेले आहे. सांगलीत वि. स. खांडेकरांचा जन्म झाला, आणि त्याच शहरात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. वाटेगाव अण्णा भाऊ साठ्यांचे. आटपाडीच्या माळावर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आहे, शंकरराव खरातांचे बालपण आहे, आणि औंध संस्थानच्या काळातील स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहतही आहे, जिच्यावरून ग. दि. माडगूळकरांना 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची कथा सुचली. साताऱ्याजवळचे मर्ढे हे कवी मर्ढेकरांचे मूळ गाव. कराडला वेणुताई चव्हाण स्मारकात यशवंतराव चव्हाणांचा ग्रंथसंग्रह आहे. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे आता सांगली जिल्ह्यात येते. वाईस विश्वकोशाचे कार्यालय आहे, आणि ज्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले ती पाठशाळाही आहे. कृष्णेच्या काठी औदुंबरला मकरसंक्रांतीस साहित्यिकांचा मेळा भरतो. ही सर्व स्थळे कोणा ना कोणा वाचनालयाच्या परिसरात आहेत, आणि त्या वाचनालयाच्या कपाटात ते ते ग्रंथही आहेत. परंतु वाटेगावच्या वेशीवर उभ्या असलेल्या प्रवाशाला अण्णा भाऊंच्या 'फकिरा'ची प्रत जवळ कोठे वाचावयास मिळेल हे सांगणारा कोणी नाही. ही माहिती मुक्त नकाशांवर आणि विकिपीडियावर मराठीत नोंदविणे, त्या नोंदीत वाचनालयाची वेळ व पत्ता देणे, आणि प्रवाशाने तेथे काढलेले छायाचित्र किंवा लिहिलेली आठवण वाचनालयाच्या स्वतःच्या दप्तरात दाखल करून घेणे, हे काम एखाद्या महाविद्यालयाचे विद्यार्थी ग्रंथपालाच्या देखरेखीखाली सहज करू शकतील. साताऱ्याच्या ग्रंथमहोत्सवात दरवर्षी ग्रंथदिंडी निघते. तिच्या मार्गावरील प्रत्येक थांब्याला त्या जागेचा एक ग्रंथ नेमून दिला, तर दिंडी पांगल्यावरही मार्ग वाचता येईल.

एका गोष्टीविषयी मात्र माझे मत ठाम आहे. देवघेवीच्या वहीत कोणी कोणते पुस्तक नेले हे लिहिलेले असे, आणि जुने ग्रंथपाल ती वही तिऱ्हाईताला दाखवीत नसत. ती लेखी नियमापेक्षा कसोशीने पाळलेली मर्यादा होती. वाचक कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेला, कोणत्या दालनात होता, ही नोंद त्याहून नाजूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, २०२३ साली वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदाही झाला. तेव्हा वाचकाने स्वेच्छेने आपली हजेरी जाहीर केली तर तिचे स्वागत करावे, परंतु ती सक्तीची करू नये, तिची बारनिशी ठेवू नये, आणि बालविभागातील मुलांच्या बाबतीत तर ती मागूही नये.

सांगलीच्या वाचनालयाला स्थळनोंदीच्या या उद्योगाची निकड इतरांहून अधिक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असता पाणी ५७ फुटांवर गेले, आणि स्थापनेच्या दीडशेव्या वर्षात नगरवाचनालयाच्या इमारतीत शिरले. दुर्मिळ ग्रंथांसह असंख्य पुस्तके भिजून नष्ट झाली. २००५ च्या पुराची आठवण तेव्हा ताजीच होती, आणि २०२१ साली पुन्हा पाणी चढले. शहरातील कोणत्या गल्लीत, कोणत्या वर्षी, कितव्या पायरीपर्यंत पाणी आले, हे जुन्या घरांच्या भिंतींवरील खुणांतून आणि वृद्धांच्या तोंडून अद्याप समजते. वाचनालयाने वाचकांना आवाहन करावे, प्रत्येकाने आपल्या दाराशी उभे राहून फोनवरून ती खूण, तिची उंची व वर्ष त्या स्थानावर नोंदवावे, आणि वाचनालयाने ती सारी टिपणे तपासून नकाशासह एका ग्रंथात छापावी. त्याची एक प्रत सांगलीत, एक मिरजेच्या खरे मंदिर वाचनालयात, आणि एक पाण्यापासून दूर, साताऱ्याच्या नगरवाचनालयात ठेवण्याची तजवीज व्हावी. उरलेल्या दुर्मिळ ग्रंथांची छायाप्रत काढण्याचे काम त्याच वेळी हाती घेता येईल, आणि कोणता ग्रंथ कितव्या मजल्यावर ठेवावा याचा निर्णय त्याच नकाशावरून करता येईल.